लहान शाळेतला दहावीचा निरोप समारंभ: तारीख ठरवण्यापासून पंगतीपर्यंत

पुणे जिल्ह्यातल्या भोर, राजगड (पूर्वीचं वेल्हे), मुळशी, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत दहावीचा पट वीस, तीस, फार तर चाळीस असलेल्या शाळा जागोजागी आहेत. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, सात-आठ शिक्षक, एक लिपिक आणि घंटेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं बघणारे शिपाईमामा. अशा शाळेने पुण्यातल्या मोठ्या शाळेचा कार्यक्रम बघून तसाच निरोप समारंभ करायला घेतला, की तो लांबतो आणि मुलांच्या वाट्याला फारसा येत नाही. शहरातल्या शाळेत दहावीला दोन-अडीचशे मुलं असतात. तिथे प्रत्येकाचं नाव घेणं शक्य नसतं, म्हणून सगळा भार पाहुण्यांवर आणि भाषणांवर पडतो. आपल्याकडे ३२ मुलं असतील, तर प्रत्येकाला पाऊण मिनिट दिलं तरी २४ मिनिटांत सगळे होतात. एवढ्या निवांतपणे प्रत्येक मुलाला नावाने निरोप देता येणं ही लहान शाळेची खरी श्रीमंती आहे. खालची सगळी आखणी ही २४ मिनिटं शाबूत राहावीत म्हणून आहे. हिशेबासाठी ३२ मुलांची दहावी आणि एकूण १४० माणसं धरली आहेत.

तारीख

दहावीची लेखी परीक्षा पूर्वी मार्चमध्ये सुरू व्हायची. आता ती अलीकडे आली आहे. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा त्याआधी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लागल्या. त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यातला जुना ठरलेला दिवस आता सोडून द्यावा. त्या दिवसांत समारंभ घेतला, तर नाच-गाण्याच्या तालमींपायी मुलांची ऐन अभ्यासाची आठवडाभराची वेळ जाते. सराव परीक्षेचे पेपर तपासून हातात पडलेले आहेत आणि प्रात्यक्षिकं अजून लागायची आहेत, असे २७ ते ३१ जानेवारी हे दिवस सर्वांत सोयीचे.

यात आणखी एक सोय होते. २६ जानेवारीसाठी मांडव, खुर्च्या आणि स्पीकर आलेलेच असतात. मांडववाल्याला डिसेंबरात सांगून ठेवलं तर तो मांडव दोन दिवस तसाच ठेवतो, आणि वाहतूक-उभारणीचा खर्च दुसऱ्यांदा पडत नाही. फक्त आधी पंचांग बघा. त्या दिवसांत लग्नाची दाट तिथी असेल, तर तो २६ च्या संध्याकाळीच मांडव सोडवून नेईल.

वार ठरवताना दोन गोष्टी बघायच्या. पुणे भागात महावितरण देखभालीची कामं बहुधा गुरुवारी काढतं, म्हणून गुरुवार टाळा. दुसरी गोष्ट गावचा आठवडे बाजार. बाजाराच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी मजुरीला सुट्टी असते, त्यामुळे रोजंदारीवर जाणाऱ्या आया त्या दिवशी येऊ शकतात. पण दुपारनंतर त्या बाजारात असणार, म्हणून कार्यक्रम सकाळी साडेनऊला सुरू करून बाराला संपवा. वाडीवस्तीवरून एसटीने येणाऱ्यांची परतीची गाडी किती वाजता आहे ते आधी विचारून घ्या. निमंत्रणपत्रिकेवर सुरू होण्याच्या वेळेबरोबर संपण्याचीही वेळ छापा. आईला घरचं आवरून यायचं असतं.

हॉलतिकीट त्याच दिवशी

दहावीची परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाचं प्रवेशपत्र शाळा ऑनलाइन उतरवून घेते, त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का होतो आणि मग ते मुलांना मिळतं. साधारण जानेवारीच्या उत्तरार्धात ते उपलब्ध होतं, त्यामुळे ते याच दिवशी वाटणं जमतं. पालक समोर असले की नाव, आईचं नाव, विषय, माध्यम आणि फोटो तिथल्या तिथे तपासून होतात, आणि चूक सापडली तर दुरुस्तीसाठी हातात दिवस राहतात. मात्र हे व्यासपीठावर करू नका. कार्यक्रमाआधी नऊ वाजता वर्गात दोन बाकं मांडून वर्गशिक्षक आणि लिपिक यांनी सह्या घेऊन वाटप उरकावं. प्रिंटचे पैसे घ्यायचे नाहीत, अशी मंडळाची स्पष्ट सूचना असते. वाटप झाल्यावर प्रत्येक पालकाला मोबाइलमध्ये प्रवेशपत्राचा फोटो काढून ठेवायला सांगा. प्रवेशपत्र हरवलं तर शाळा लाल शाईने शेरा मारून दुसरी प्रत देते, हेही तेव्हाच सांगून टाका. नाहीतर एखादं पोर परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरून रडत बसतं.

नावांची यादी

सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्यायचे. समारंभाच्या तीन आठवडे आधी वर्गशिक्षकांनी जनरल रजिस्टर (शाळेत दाखल झालेल्या मुलांची मूळ नोंदवही) आणि मंडळाचा परीक्षा अर्ज समोर ठेवून यादी लिहायची. हजेरीपटावरून लिहू नये, कारण त्यात नावं तुटक असतात आणि पाचवीपासूनच्या चुका तशाच पुढे आलेल्या असतात. ऋतुजा की रुतुजा, श्रेया की श्रीया, आडनावात ‘ळ’ की ‘ल’, हे कागदावर बघा. मग यादी वर्गात फिरवून प्रत्येकाची सही घ्या.

मंचावर नाव घेताना मुलाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असं घ्यावं. १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. आजची दहावी त्याआधी जन्मलेली आहे, पण स्पीकरवरून आपलं नाव ऐकलेल्या आईचा चेहरा कसा होतो ते बघितलं की हा क्रम कोणी सोडत नाही. एखाद्या घरी आई किंवा वडील नसतील, वेगळे राहत असतील, मूल आजीकडे वाढत असेल, तर त्या मुलाला एकट्याला बोलावून विचारा, “तुझं नाव कसं घेऊ?” ते सांगेल तसंच घ्या.

नावानंतर दोन वाक्यं असावीत, प्रत्येकासाठी वेगळी. “अभ्यासू, नम्र आणि हुशार” हे वाक्य ३२ वेळा वाचलं तर त्याला काही अर्थ उरत नाही. वर्गात खरोखर दिसलेली एक गोष्ट लिहा: नकाशा भरण्यात हात बसलेला, प्रयोगशाळेच्या काचेच्या नळ्या सगळ्यांच्या आधी धुऊन ठेवणारी, कबड्डीत डावा कोपरा सांभाळणारा, तीन वर्षं परिपाठाला पेटी वाजवणारी. प्रत्येक शिक्षकाला सहा-सात मुलं वाटून दिली तर एका तासात हे लिहून होतं. टक्केवारी, नापास झालेला विषय, घरची गरिबी, वडिलांचं व्यसन यातलं काहीही या वाक्यांत येऊ द्यायचं नाही. “परिस्थितीवर मात करून” हेही नको. सगळ्या गावासमोर त्या मुलाला ते ऐकावं लागतं.

ही वाक्यं वेगवेगळ्या कार्डांवर मोठ्या अक्षरात लिहा, कार्डांना क्रमांक घाला आणि एका कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्याने ओवा. सुट्ट्या कागदांचा गठ्ठा वाऱ्याने उडाला की क्रम बिघडतो, आणि बिघडलेल्या क्रमात हमखास एक नाव राहतं. त्या मुलाला ते पुढची वीस वर्षं आठवतं. म्हणून दुसरा शिक्षक यादी घेऊन बाजूला बसलेला असावा आणि प्रत्येक नावापुढे खूण करत जावा. गैरहजर मुलाचंही नाव घ्या, आणि त्याची भेट दुसऱ्या दिवशी घरी पोचवा.

प्रमाणपत्र, फोटो, भेट

प्रमाणपत्रं किंवा सदिच्छापत्रं छापायची असतील तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात छापील नक्षीची जाड कार्डं मिळतात. २५० ते ३०० जीएसएमचा कागद घ्या, त्याहून पातळ कागद घडी न घालताही वाकतो. नावं छापून घेताना एक घोळ नेहमी होतो. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये यादी टाइप करून पाठवतो आणि छापखान्यात जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर असतं. मग रफार भलत्या अक्षरावर जातो, ‘श्र’ आणि ‘ज्ञ’ तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे सरकते. छपाईआधी सगळ्या नावांची पीडीएफ मागवून एकेक अक्षर तपासा. चित्रकलेच्या शिक्षकांचं अक्षर चांगलं असेल, तर ३२ नावं शाईने हाताने लिहिलेली आम्हाला जास्त देखणी वाटतात.

वर्गाचा एकत्र फोटो समारंभाच्या आठ-दहा दिवस आधी काढा, म्हणजे त्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात देता येतो. सगळे हजर असतील असा दिवस धरा. शिक्षक आणि उंचीने लहान मुलं खुर्च्यांवर, त्यांच्या मागे उभी रांग, आणि शेवटची रांग बाकांवर. बाकं डगमगत नाहीत ना ते आधी बघा. ८ बाय १२ इंचाचा फोटो पुरतो. मागच्या बाजूला रांगेनुसार सगळ्यांची नावं आणि शालेय वर्ष चिकटवा. घरी हीच प्रत वर्षानुवर्षं भिंतीवर राहते.

एकेक गुलाब द्यायची पद्धत आहे. पण मावळातला गुलाब १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी जानेवारीच्या शेवटापासून बाहेर जायला लागतो आणि भाव चढतात. शेवंती किंवा झेंडू घ्या. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून पहाटे आणलेली फुलं ओल्या गोणपाटात ठेवली की दुपारपर्यंत टवटवीत राहतात.

काही शाळा हल्ली काळे गाऊन आणि चौकोनी टोप्या भाड्याने आणतात. तो पदवीदानाचा पोशाख आहे. मापं बसत नाहीत, उन्हात काळ्या कापडाचा उकाडा होतो, आणि त्या पैशांत प्रत्येकाला चांगला फोटो आणि पेन देता येतो. धुतलेला, इस्त्री केलेला गणवेश पुरेसा आहे. फेटे बांधायचे असतील तर वेळेचा हिशेब करा. हात बसलेल्या माणसालाही एका फेट्याला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे ३२ फेट्यांना जवळजवळ दोन तास. बांधणारे दोघे लागतील, आणि मुलांना आठला बोलवावं लागेल.

दारात औक्षण करणार असाल तर दोन ताटं ठेवा आणि सगळ्या आयांना बोलवा. विधवा आईला बाजूला उभं राहावं लागेल अशी मांडणी करू नका, तिचं मूल ते बघत असतं. ज्या घरात औक्षण करत नाहीत तिथल्या मुलाचं स्वागत फुलाने करा.

मांडव, फलक, आवाज

मांडवाचं छत पांढरं मागा. लाल-पिवळ्या कापडाखाली फोटोत सगळ्यांचे चेहरे रंगीत येतात आणि ते नंतर दुरुस्त होत नाहीत. जानेवारीच्या शेवटी सकाळी दहाचं ऊन आग्नेयेकडून येतं. व्यासपीठ मैदानाच्या उत्तर बाजूला घेतलं तर ऊन प्रेक्षकांच्या पाठीवर पडतं आणि मंचावरच्या चेहऱ्यांवर समोरून उजेड येतो. मैदानाची ठेवण उलटी असेल, तर पूर्वेच्या बाजूला कनात लावून घ्या.

फ्लेक्सची गरज नाही. वर्गातला मोठा फळा बाहेर आणून चांगलं फलकलेखन करा. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात, कपभर पाण्याला दोन चमचे साखर घालून, पाच-सात मिनिटं बुडवून वापरले की रंग गडद उमटतात आणि हात लागून पुसले जात नाहीत. हा फळा नंतर ओल्या फडक्यानेच निघतो, कोरड्या डस्टरने नाही. फलकावर पाहुण्यांच्या नावांऐवजी ३२ मुलांची नावं लिहा. त्यासमोर फोटो काढायला रांग लागते. प्रतिमापूजनासाठी सरस्वतीबरोबर सावित्रीबाईंची तसबीर ठेवा. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, त्याच जिल्ह्यातल्या मुली इथे दहावी होऊन निघाल्या आहेत.

माइकची शिट्टी वाजते ती माइक स्पीकरच्या समोर आल्यामुळे. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि गोल फिरत वाढत जातो. दोन्ही स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा, आणि मुलांना सांगा की माइक तोंडापासून चार बोटांवर धरायचा. लांब धरला की ऑपरेटर आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. कॉर्डलेस माइक असेल तर नवे सेल घाला आणि वायरचा एक माइक जोडून तयार ठेवा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर मागितला तर वीज गेली तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काम निभावतं. आदल्या संध्याकाळी सगळं जोडून एकदा वाजवून बघा.

अडीच तासांची आखणी

सूत्रसंचालन नववीच्या दोघांकडे द्या. साडेनऊला प्रार्थना आणि प्रतिमापूजन, मग पाच मिनिटांचं प्रास्ताविक. त्यानंतर लगेच नावं. बहुतेक ठिकाणी आधी सत्कार आणि भाषणं होतात, मुलांची पाळी साडेअकराला येते आणि तोवर बायका उठायला लागलेल्या असतात. नावं आधी घेतली की सगळा मांडव भरलेला असतो.

सत्कारांचा हिशेब सरळ आहे. एका सत्काराला दीड मिनिट लागतं, पंधरा सत्कार म्हणजे साडेबावीस मिनिटं. पाचच ठेवा, बाकीच्यांची नावं स्वागतात आदराने घ्या. त्या पाचांत शिपाईमामा आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई असाव्यात, आणि त्यांचा सत्कार दहावीच्या मुलांच्या हातून व्हावा. सरपंच आणि संस्थेचे पदाधिकारी यांच्याशी आधी घरी जाऊन बोला, वेळ किती आहे ते सांगा. समोरासमोर सांगितलं तर ते सहसा वेळ पाळतात. चिठ्ठी पाठवून ऐनवेळी थांबवलं की मनात राहतं.

मनोगतं चार पुरेत, प्रत्येकी दोन मिनिटं. मोबाइलवरून उतरवलेलं “आदरणीय व्यासपीठ” छापाचं भाषण नको. मुलांना तीन प्रश्न द्या: शाळेतली कोणती जागा आठवेल, कोणाचे आभार मानायचे राहिलेत, मागच्या वर्गाला काय सांगाल? उत्तरं त्यांच्याच बोलीत असू द्या, मावळी बोली असली तरी शिक्षकांनी ती सुधारू नये. बोलता बोलता कोणी रडलं, तर माइक काढून घेऊ नका. पाण्याचा पेला द्या आणि थांबा. बहुतेक मुलं अर्ध्या मिनिटात सावरून पुढे बोलतात.

शेवटची पंधरा मिनिटं पालकांसाठी राखा, कारण एवढे पालक पुन्हा निकालालाच एकत्र येतात. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे, म्हणून जातीचा, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आत्ताच काढायला सांगा. निकालानंतर तहसीलला गर्दी होते. औंधच्या आयटीआयची आणि गणेशखिंडीच्या शासकीय तंत्रनिकेतनाची वाट दाखवा. मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो, हे मोठ्याने सांगा. “लांब पडतं” म्हणून शाळा सुटणारी मुलगी त्याच मांडवात बसलेली असते.

जेवण

मसालेभात, मठ्ठा आणि जिलेबी हा बेत सोपा आणि पोटभरीचा. १४० माणसांना १२ किलो तांदूळ लागतो. आपल्याकडचा इंद्रायणी घरी उत्तम, पण मोठ्या पातेल्यात तो गच्च गोळा होतो, म्हणून जुना कोलम घ्या. सोललेला मटार ३ किलो, तोंडली ३ किलो, तेल दीड किलो, गोडा मसाला पाव किलोच्या थोडा वर. घरी आपण आधण मापाच्या दुप्पट घेतो. मोठ्या पातेल्यात वाफ कमी जाते, म्हणून तिथे पावणेदोनपट पुरतं. दुप्पट घातलं की तळ लापशीसारखा होतो. भात बारा वाजता हवा असेल तर साडेदहाला आधण ठेवा, आणि झाल्यावर वीस मिनिटं झाकण उघडू नका. शेगडीसाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्या, शेगडी मांडवाच्या कापडापासून लांब आणि वाऱ्याच्या आडोशाला ठेवा.

मठ्ठ्याला १२ लिटर दही आणि १६ लिटर पाणी, म्हणजे माणशी एक पेला. स्टीलच्या पातेल्यातच करा, कल्हई गेलेल्या पितळेत तो कळकतो. मीठ-मिरची अगदी शेवटी. जिलेबी १० किलो. पाण्याचे २० लिटरचे सात जार.

पहिली पंगत दहावीची, आणि वाढायला शिक्षक आणि नववीची मुलं. पालक दुसऱ्या पंगतीला. जिलेबी वाढायला मोठ्या माणसाला उभं करा, मुलं पहिल्या ओळीतच अर्धी संपवतात.

त्यानंतर

शर्टावर पेनने सह्या करायची हौस सगळ्यांना असते. तोच गणवेश परीक्षेला लागणार असतो, आणि बऱ्याच घरी दुसरा नसतो. म्हणून जेवणानंतर प्रत्येकाला एक छोटी वही द्या आणि सह्यांसाठी अर्धा तास मोकळा ठेवा. गेटवर दोन शिक्षक थांबावेत. याच वेळी मोटारसायकली बाहेर निघतात.

वर्गणी ऐच्छिक ठेवा. ज्याने दिली नाही त्याचं नाव कुठल्याही यादीत दिसू नये. मुलांनी शाळेला काय द्यावं हे आधी मुख्याध्यापकांना विचारा, बहुतेक शाळांत भिंतीवरची घड्याळं गरजेपेक्षा जास्त झालेली असतात. झाड लावायचं असेल तर जानेवारीत लावू नका. जूनपर्यंत पाऊस नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालायला कोणी नाही, आणि रोप मे महिन्यात जळतं. पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. खड्डे एप्रिलच्या शेवटी दोन फूट खोल काढून ऊन खाऊ द्या, आणि गुणपत्रक व दाखला न्यायला मुलं परत येतील तेव्हा, पहिला चांगला पाऊस झाल्यावर, त्यांच्याच हातांनी रोपं लावून घ्या.